जुन्या फाइली, नवीन मशीन: डिजिटल रेकॉर्डबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचनालयवाले, मंडळवाले, सोसायटीचे सेक्रेटरी, दिवाळी अंक काढणारे, शिवाय घरचे कागद आणि फोटो सांभाळणारे, सगळ्यांचे प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून एकदाच सगळं लिहून काढलंय. क्रम असा काही नाही, जो प्रश्न जास्त येतो तो वर आहे. आपल्याला हवा तो प्रश्न शोधा आणि तेवढाच वाचा.

२००२-०३ च्या आमच्या अंकाच्या वर्ड फाइली उघडल्या तर नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ दिसतेय. फाइल खराब झाली का?

नाही हो. फाइल बहुतेक ठणठणीत आहे, फक्त तुमच्या नव्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नाहीये. घाबरून सेव्ह वगैरे करू नका, आधी तशीच बंद करा आणि एक कॉपी काढून मग पुढचं बघा.

त्या काळात मराठी टाइप करायचं म्हणजे आयएसएम, श्रीलिपी, आकृती, नाहीतर शिवाजी, किरण असे सुटे फॉन्ट. या फॉन्टमध्ये गंमत अशी की फाइलमध्ये प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच साठवलेली असायची, फक्त त्या अक्षराच्या जागी फॉन्टवाल्याने मराठी आकार काढून ठेवलेला असायचा, त्यामुळे फॉन्ट असेपर्यंत ते मराठी दिसतं, फॉन्ट गेला की कॉम्प्युटरच्या दृष्टीने ते कधी मराठी नव्हतंच. आणि प्रत्येक कंपनीचा नकाशा वेगळा. म्हणजे श्रीलिपीत जिथे एक मात्रा बसवलीय तिथे आयएसएममध्ये वेगळंच काहीतरी असणार. गंमत म्हणजे युनिकोडमध्ये (म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी, सगळीकडे चालणारी पद्धत) देवनागरी १९९१ पासून आहे आणि विंडोज २००० मध्ये मंगल फॉन्टसकट आलीसुद्धा होती, पण डीटीपीवाल्यांची, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावणाऱ्यांची, सॉफ्टवेअरं युनिकोडवर चालायची नाहीत म्हणून सगळे पुढे कित्येक वर्ष जुन्याच फॉन्टवर राहिले, आणि तीच सगळी वर्ष आज अडकून पडलीयत.

आता काय करायचं. वर्डमध्ये त्या मजकुरावर क्लिक करा आणि वर फॉन्टच्या खणात काय नाव येतंय ते वाचा. फॉन्ट मशीनवर नसला तरी नाव तिथे दिसतं. डीव्हीबी-टीटी सुरेख, डीव्ही-टीटी योगेश असलं काही दिसलं तर ते सीडॅकचं आयएसएम. श्री-देव आणि पुढे आकडा असेल तर श्रीलिपी. नाव कळलं की त्या फॉन्टचा कन्व्हर्टर, म्हणजे जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारा प्रोग्रॅम, शोधायचा, पण नाव अख्खं जुळलं पाहिजे, डीव्हीबी आणि डीव्हीबीडब्ल्यू या भावांचे नकाशेसुद्धा सारखे नाहीत.

कन्व्हर्ट झालं म्हणजे झालं असं मात्र नाही. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवतात, रफाराचं त्याच्या उलट, त्यामुळे कन्व्हर्टरला उड्या मारत अक्षरं हलवावी लागतात आणि जोडाक्षर मोठं असलं की तो चुकतो. आम्ही तपासताना आधी तीन जागा बघतो: रफार असलेले शब्द, 'ऱ्या' असलेले शब्द आणि 'क्ष्म', 'ष्ट्य' असली तिहेरी जोडाक्षरं. चौथी जागा म्हणजे मजकुरात मध्येच आलेलं खरं इंग्रजी. ईमेल पत्ता, इंग्रजी नावं, कधी फोन नंबर, ते सगळं कन्व्हर्टर इमानदारीत मराठी करून टाकतो. म्हणून मूळ फाइल कधीही पुसायची नाही, आणि ज्याच्याकडे तो जुना फॉन्ट अजून चालतोय त्याच्याकडून प्रत्येक फाइलची एक पीडीएफ काढून घ्यायची. पुढे शंका आली की खरं काय होतं ते त्या पीडीएफमध्ये डोळ्यांनी दिसतं.

सगळं युनिकोड केलं. तरी सर्च केलं की काही शब्द सापडतच नाहीत, समोर दिसत असून!

कारण दिसायला एकच असलेलं अक्षर आत दोन तऱ्हेने साठवलेलं असू शकतं. सगळ्यात जास्त त्रास देणारी जोडी म्हणजे 'ॲ' आणि 'अॅ'. हे एकसंध 'ॲ' युनिकोडमध्ये फार उशिरा आलं, ५.१ व्या आवृत्तीत, २००८ साली. त्याआधी लोक अ काढून त्यावर चंद्र लावायचे. आता तुमच्या सभासद यादीत निम्मे वकील 'ॲड.' आहेत आणि निम्मे 'अॅड.', शोधताना एकच गठ्ठा हाती लागतो आणि दुसरे जणू संस्थेचे सभासदच नाहीत.

दुसरं दुखणं 'दुसऱ्या', 'सुऱ्या', 'वाऱ्या'. एका कीबोर्डवर हे नुक्तावाल्या ऱ ला हलन्त लावून येतं, दुसऱ्यावर साध्या र ला हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालून, म्हणजे 'ऱ्या' आणि 'र्‍या'. तुम्हाला फरक दिसला का? नाही दिसणार, पण काही प्रोग्रॅमना दिसतो. आणि ज्यांना दोन्ही जमलं नाही त्यांनी सरळ 'दुसर्या' लिहून ठेवलंय ते वेगळंच.

उपाय कंटाळवाणा आहे पण सोपा आहे. संस्थेपुरतं एक रूप ठरवा (आम्ही 'ॲ' आणि 'ऱ्या' ठेवतो), आणि फाइंड-रिप्लेसने बाकीची रूपं त्यात बदलून घ्या. नवीन टाइप करणाऱ्यांना सगळ्यांना एकच कीबोर्ड द्या. आणि आकडे! काही नोंदी मराठी आकड्यात आणि काही इंग्रजी आकड्यात असतील तर एक्सेल त्यांची बेरीज करताना काय गोंधळ घालतं ते एकदा बघाच.

पेजमेकरच्या फाइली आहेत. उघडतील का?

पेजमेकर म्हणजे अंकाची पानं लावायचा जुना प्रोग्रॅम, त्याची शेवटची मोठी आवृत्ती ७.० ही २००१ ची, त्यानंतर अडोबीने तो विषय सोडून दिला आणि इनडिझाइनकडे वळले. इनडिझाइनच्या सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्या पेजमेकर ६ आणि पुढच्या फाइली उघडायच्या, आता नाही उघडत. लिब्रेऑफिस ड्रॉ मात्र फुकट आहे आणि बऱ्याच फाइली उघडून देतं, मांडणी विस्कटते पण मजकूर निघतो. फॉन्टचा प्रश्न इथेही तसाच उभा राहतो, त्यातून टाइप वन जातीचा फॉन्ट असेल तर अडोबीने जानेवारी २०२३ पासून आपल्या प्रोग्रॅममध्ये त्याचा आधारच काढून घेतलाय.

सगळ्यात चांगला उपाय आम्हाला आजवर सापडलाय तो म्हणजे आपल्या जुन्या डीटीपीवाल्याला फोन करा. पुष्कळ जणांकडे कोपऱ्यात एक्सपीवालं एक मशीन अजून धूळ खात का होईना पण चालू आहे, आणि त्यावर पेजमेकर, श्रीलिपी, ती चालायला मशीनला लावावा लागणारा डाँगल सगळं आहे. एक दिवस त्याच्याकडे बसा, सगळ्या अंकांच्या पीडीएफ काढून घ्या, मजकूर वेगळा काढून घ्या आणि त्याला त्याचे पैसे द्या. ते मशीन बंद पडल्यावर हेच काम पाचपट खर्चाचं होणार आहे.

फ्लॉपी आणि सीडी पेटीभर पडल्यात. त्यांचं काय?

साडेतीन इंची फ्लॉपीसाठी यूएसबीला लागणारे ड्राइव्ह ऑनलाइन मिळतात. घालायच्या आधी कोपऱ्यातली छोटी खिडकी उघडी करा, खिडकी उघडी म्हणजे त्यावर काही लिहिलं जाणार नाही. एका फ्लॉपीत मावतंच किती, १.४४ एमबी, त्यामुळे सगळ्या वाचून एका फोल्डरमध्ये टाकायला वेळ लागत नाही, फक्त फोल्डरला फ्लॉपीवरच्या लेबलवर जे लिहिलंय तेच नाव द्या. सव्वापाच इंची मोठ्या फ्लॉप्यांना हे यूएसबी ड्राइव्ह चालत नाहीत, ते काम जाणकाराकडे.

सीडीबद्दल एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. लोक चमकणारी बाजू जपतात आणि लेबलच्या बाजूला बॉलपेनने दाबून नाव लिहितात, पण सीडीत डेटाचा थर लेबलच्या अगदी खालीच असतो, त्यामुळे खरी नाजूक बाजू वरची आहे. घरी राइट केलेल्या सीडीत रंगद्रव्याचा थर असतो, तो ऊन आणि दमट हवेने उतरतो, कोकणातल्या संस्थांनी तर आजच तपासावं. एका ड्राइव्हवर चालली नाही तर दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हवर लावून बघा, खूपदा चालते. तरी अडली तर डीडीरेस्क्यू नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे, तो वाचता येईल तेवढं आधी उचलतो आणि अडलेल्या जागा पुन्हा पुन्हा घासत बसतो.

जुनी रजिस्टरं स्कॅन करायचीत. मोबाइलवरचं ॲप चालेल?

पावत्या, बिलं, सर्क्युलर याला चालेल. प्रोसिडिंग बुक, जुनं हस्तलिखित, फिकट शाई यासाठी चांगला स्कॅनर घ्या, ३०० डीपीआय कमीत कमी, शाई उडालेली असेल तर ६०० आणि रंगीत. काळं-पांढरं केलं की पेन्सिलीच्या खुणा आणि शिक्क्याचा जांभळा रंग जातो आणि पुढे कधी वाद झाला तर नेमकं तेच लागतं.

ॲपबद्दल सावध अशासाठी की ॲप हे आज आहे उद्या नाही. २९ जून २०२० ला सरकारने एका फटक्यात ५९ ॲप बंद केली त्यात कॅमस्कॅनरही होतं, आणि तेव्हा अर्ध्या महाराष्ट्राचे कागद त्यातच असायचे. स्कॅन झालं की फाइल ॲपच्या बाहेर, आपल्या फोल्डरमध्ये आलीच पाहिजे.

साठवायला पीडीएफ-ए हा प्रकार निवडा, सेव्ह करताना पर्याय असतो. हा खास दीर्घकाळ जपण्यासाठी केलेला पीडीएफ आहे, २००५ पासून आयएसओ मानक आहे त्याचं, यात फॉन्ट फाइलच्या पोटातच जातात. वर सांगितलेलं फॉन्टचं रामायण परत नको असेल तर हे करा.

ओसीआर मराठीला चालतं का? आणि एआयकडून करून घेतलं तर?

ओसीआर म्हणजे स्कॅनच्या चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा टाइप केलेला मजकूर करणं, ते छापील मराठीला चांगलं चालतं. गुगल ड्राइव्हमध्ये स्कॅन टाकून गुगल डॉक्सने उघडलं की मजकूर निघतो, टेसरॅक्ट हा फुकट प्रोग्रॅमही मराठी वाचतो. खिळ्यांची जुनी छपाई असेल, शिरोरेषा तुटलेली असेल, तर अनुस्वार आणि रफार खातात.

एआयवाली नवीन साधनं हस्ताक्षरसुद्धा वाचतात आणि कधीकधी थक्क करतात, पण त्यांची एक खोड आहे. शब्द फिकट असला की जुनं ओसीआर काहीतरी कचरा काढून द्यायचं आणि तो कचरा आहे हे लगेच कळायचं, नवीन साधन तिथे शोभेल असा शुद्ध मराठी शब्द बसवून देतं. एका जुन्या सभेच्या इतिवृत्तात 'ठराव नामंजूर' मधला 'ना' फिकट होता आणि बाहेर आलं 'ठराव मंजूर'. वाक्य अगदी गोड वाचलं जात होतं. म्हणून शोधायला ओसीआर, पुरावा म्हणून चित्र, दोन्ही शेजारी शेजारी ठेवायचं.

फाइलींना नावं कशी द्यायची?

'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल नवीन २', 'सरांनी बघितलेली'. हे थांबवा एवढंच खरं म्हणजे उत्तर आहे.

आधी वर्ष मग महिना मग दिवस, मग विषय, मग स्थिती: २०२४-०९-२९_वार्षिकसभा_इतिवृत्त_मंजूर. असं लिहिलं की फाइली आपोआप तारखेने लागतात. मराठीत नाव द्यायला आजकाल काही हरकत नाही पण लांबण लावू नका. युनिकोडमध्ये देवनागरीचं एक चिन्ह साधारण तीन बाइट खातं आणि लिनक्सवर चालणाऱ्या बऱ्याच सर्व्हरवर नावाची मर्यादा २५५ बाइट असते, म्हणजे काना-मात्रा सगळं धरून ८५ चिन्हं. सेक्रेटरींनी अख्खा विषय नावात लिहिला की विंडोजवर चालतं आणि सर्व्हरवर चढवताना अडतं. आकडे कुठले ते एकदा ठरवा आणि त्यात सरमिसळ करू नका, नाहीतर क्रम फाटतो.

सगळंच ठेवायचं का? जागा पुरत नाही.

सगळं ठेवणं म्हणजे काहीच न सापडणं. आपल्याकडे सरकारी कचेऱ्यांत याचं उत्तर शंभर वेळा देऊन झालंय, फक्त कॉम्प्युटर आल्यावर सगळे ते विसरले. तहसील नाहीतर जिल्हा परिषदेत काम केलेल्या कुणालाही विचारा, अ ब क ड तोंडपाठ असतं: अ म्हणजे कायम, ब म्हणजे ३० वर्षं, क म्हणजे १० (क-१ असेल तर ५), ड म्हणजे वर्षभर आणि मग नष्ट. शिवाय टेबलावरच्या कागदांसाठी सहा गठ्ठे: प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिक, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचं आणि नष्ट करायचं. अहमदनगरला अनिलकुमार लखिना कलेक्टर असताना १९८० च्या दशकात कचेरीचं कामकाज आणि दप्तर लावायची जी पद्धत बसवली ती लखिना पॅटर्न म्हणून गाजली, तेव्हा कुणाच्या टेबलावर कॉम्प्युटर नव्हता.

हेच फोल्डरला लावा. सोसायटीचं उदाहरण घ्या. कन्व्हेयन्स, मंजूर नकाशा, नोंदणी दाखला, सभासद नोंदवही, सगळ्या सभांची इतिवृत्तं हे अ. लिफ्टचे, पाण्याच्या टाकीचे जुने करार ब किंवा क. 'उद्या पाणी ११ वाजता बंद' ही नोटीस ड, तिला क्लाउडमध्ये जागा देऊ नका. कायद्याने किती वर्ष ठेवायला लागतं ते हिशेब, कर, कोर्ट यांना वेगवेगळं असतं, ते आपल्या ऑडिटरला विचारून यादीवर लिहून घ्या. आणि नष्ट करताना काय नष्ट केलं त्याचा एक कागद ठेवा, हा कागद मात्र अ.

आमचा अनुभव असा की अ वर्गाचं सामान अख्ख्या संस्थेचं मिळून एका साध्या पेनड्राइव्हवर मावतं. जागा खातात ते कार्यक्रमांचे फोटो, एकाच हाराचे चाळीस.

गुगल ड्राइव्हवर टाकलंय की सगळं. मग बॅकअप झालाच ना?

अर्धा झाला. तीन गोष्टी बघा.

एक, ते खातं कुणाचं आहे? नव्वद टक्के भानगड इथे असते (हा आकडा अंदाजाने, रागाने लिहिलाय). संस्थेचं जीमेल खातं जुन्या सेक्रेटरींनी स्वतःच्या मोबाइल नंबरवर काढलेलं असतं, ओटीपी त्यांनाच जातो, कमिटी बदलली, भांडण झालं किंवा ते मुलाकडे अमेरिकेला गेले, की अख्ख्या संस्थेचं दप्तर तिकडे. खातं संस्थेच्या नावाने, नंबर संस्थेच्या सिमचा, रिकव्हरीला दुसऱ्या पदाधिकाऱ्याचा ईमेल, आणि चार्ज देण्याघेण्याच्या कागदावर किल्ल्या आणि शिक्क्याच्या शेजारी या खात्याची नोंद, पासवर्ड बंद पाकिटात.

दोन, दोन वर्ष कुणी लॉगिनच केलं नाही तर गुगल वैयक्तिक खातं निष्क्रिय धरून पुसू शकतं, डिसेंबर २०२३ पासून हे सुरू झालंय. फुकट जागा १५ जीबी, त्यात मेल, ड्राइव्ह, फोटो सगळं, आणि फोटोंची फुकट अमर्याद सोय १ जून २०२१ लाच संपली.

तीन, सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. तुमच्या मशीनवरून कुणी फोल्डर उडवलं की ड्राइव्हवरूनही उडतं, कचरापेटीत महिनाभर राहतं, मग गेलं. म्हणून अजून एक कॉपी हार्ड डिस्कवर, जी एरवी कुठेही जोडलेली नसते, आणि तिसरी कॉपी दुसऱ्या इमारतीत. पूर आला, शॉर्टसर्किट झालं, तर तिन्ही एकदम जाऊ नयेत एवढंच बघायचं.

आणि कंपन्या बंद होतात. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला गेलं, याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० मध्ये. मोठी कंपनी आहे म्हणून काही होणार नाही असं तेव्हाही लोक म्हणायचेच.

आमचे सगळे निर्णय व्हॉट्सॲपवरच होतात. ते रेकॉर्ड धरायचं का?

होतात हे खरंय, पण तिथेच ठेवू नका. महत्त्वाचा निर्णय झाला की त्याच आठवड्यात चॅट एक्स्पोर्ट करा, साधी टेक्स्ट फाइल मिळते, आणि पुढच्या सभेत तो विषय घेऊन इतिवृत्तात आणा. फोटो पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं आणि कधी कुठे काढला ही आतली माहितीही जाते. अँड्रॉइडवरचा चॅट बॅकअप २०२४ पासून त्याच १५ जीबीत मोजला जातो, त्यामुळे गुड मॉर्निंगच्या फुलांनी ड्राइव्ह भरतं आणि मग मेल येणं बंद होतं, हे आम्ही रोज बघतो.

टॅलीचा जुना डेटा?

७.२, मग ९, मग २००९ चं ईआरपी ९, मग २०२० चं टॅलीप्राइम. जुना डेटा नवीन आवृत्तीत आणायला मायग्रेट करावा लागतो, आणि मध्ये खूप वर्ष गेली की टप्प्याटप्प्याने. मायग्रेट करायच्या आधी मूळ डेटा फोल्डरची कॉपी. टॅली व्हॉल्टचा, म्हणजे टॅलीतला डेटा कुलूपबंद करणाऱ्या सोयीचा, पासवर्ड कुणालाच आठवत नसेल तर तो डेटा गेला असं समजा, कंपनीसुद्धा काढून देऊ शकत नाही.

पुढच्यासाठी एक सवय लावा: दरवर्षी ऑडिट झालं की ट्रायल बॅलन्स, सगळे लेजर आणि डेबुक यांच्या पीडीएफ आणि एक्सेल काढून वर्षाच्या फोल्डरमध्ये टाकायच्या. पंधरा वर्षांनी टॅली असो नसो, आकडे वाचता येतील.

कोर्टात डिजिटल फाइल चालते का?

चालते. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० पासून इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डला मान्यता आहे. पण सोबत दाखला लागतो, ही फाइल कुठल्या उपकरणातून कशी निघाली ते लिहून देणारा. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम ६५-ब होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३.

हे किती महागात पडू शकतं त्याची केस आपल्या जालन्याचीच आहे. २०१४ च्या विधानसभेला अर्जुन खोतकर कैलास गोरंट्याल यांच्यापुढे २९६ मतांनी निवडून आले, आणि अर्ज दुपारी ३ ची वेळ उलटल्यावर भरला होता का यावर खटला झाला. निवडणूक कार्यालयातलं व्हिडिओ रेकॉर्डिंग होतं, त्याच्या सीडी मिळाल्या, पण ६५-ब चा दाखला मागून मागूनही अधिकारी देईनात. औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि जुलै २०२० मध्ये कोर्टाने स्पष्ट केलं की दाखला सक्तीचा आहे, मात्र माणसाने मिळवायचे सगळे प्रयत्न केले आणि तरी समोरचा देत नसेल तर कोर्टाकडे तो मागवायची विनंती करता येते. आज देशभरात कुठलाही वकील डिजिटल पुराव्याबद्दल बोलताना या निकालाचं नाव घेतो.

नवीन दाखल्याच्या नमुन्यात दोन भाग आहेत, एक उपकरण सांभाळणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि फाइलची हॅश किंमतही लिहायची असते. हॅश म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेला एक लांबलचक आकडा, आत एक स्वल्पविराम बदलला तरी तो पूर्ण बदलतो. विंडोजमध्ये सर्टयुटिल ही कमांड आधीपासून असते, तिने निघतो. अ वर्गातल्या फाइलींची हॅश काढून एका छापील कागदावर तारखेसह सही करून ठेवली तर कोर्टाचं काम पडो न पडो, फाइल मध्ये कुणी हाताळली का ते कधीही तपासता येतं. प्रत्यक्ष केस असेल तर मात्र हे वाचून थांबू नका, वकील गाठा.

डिजिटल सहीच्या सातबारावर पिवळं प्रश्नचिन्ह येतंय. बनावट आहे का?

बहुतेक नाही. तुमच्या कॉम्प्युटरवरच्या पीडीएफ रीडरला सही देणाऱ्या यंत्रणेवर अजून भरवसा ठेवायला सांगितलेलं नाही एवढाच त्याचा अर्थ. सहीवर क्लिक करून प्रॉपर्टीज, सर्टिफिकेट आणि तिथे ट्रस्टमध्ये जोडलं की हिरवी खूण येते. मोबाइलवर ही खूण बऱ्याचदा दिसतच नाही. पडताळणी क्रमांक दिलेला असतो, तो सरकारी साइटवर टाकून बघणं जास्त खात्रीचं.

जपायचं असेल तर डाउनलोड झालेली मूळ फाइल जशीच्या तशी ठेवा. 'प्रिंट टू पीडीएफ' केलं, दोन पानं जोडली, साइज कमी केली, की डिजिटल सही तुटते आणि उरतं ते फक्त सहीचं चित्र. प्रिंट काढून परत स्कॅन करणारे तर रोज भेटतात.

स्कॅन झाल्यावर मूळ कागद रद्दीत द्यायचे का?

अ वर्गाचे अजिबात नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती बसली तेव्हा गावोगावचे जुने दस्त बाहेर निघाले, त्यातले पुष्कळ मोडीत, आणि मोडी वाचणाऱ्यांना अचानक कुठून कुठून बोलावणी आली. स्कॅन करून ते जिल्ह्यांच्या साइटवर टाकले गेले, पण टाकायला कागद शिल्लक होता म्हणून. तो ज्या कारकुनाने लिहिला त्याला कधी वाटलं असेल का की शंभर वर्षांनी यावर कुणाचा दाखला अवलंबून असेल? कागद कुणीही न बघता शंभर वर्ष पडून राहतो, लिपी विसरली तरी माणूस शिकून वाचू शकतो. हार्ड डिस्क दहा वर्ष कुणी न बघता ठेवून दाखवा.

ब, क, ड चे कागद मुदत संपली की काढा, बिनधास्त.

सभासदांच्या आधारच्या झेरॉक्स स्कॅन करून फोल्डरमध्ये आहेत. चालतं ना?

कशाला ठेवल्यात? खरंच लागत असतील तर पहिले आठ अंक झाकलेलं मास्क्ड आधार मागा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा आलाय, लोकांची माहिती ज्या कामासाठी घेतली ते संपलं की पुसायची हा त्याचा रोख आहे. निदान ते फोल्डर लिंक असलेल्या कुणालाही उघडेल असं शेअर केलेलं नाही ना, एवढं आत्ता लगेच बघा.

घरातलं माणूस गेलं, फोन लॉक, फोटो-कागद सगळं त्यात. काय करता येईल?

गेल्यावर फार थोडं. कंपन्या मृत्यूचा दाखला, नातं याचे पुरावे मागतात, वेळ लागतो आणि मिळेलच असं नाही. आधी करायचं काम सोपं आहे: गुगलमध्ये 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' म्हणून सोय आहे, इतके महिने मी आलो नाही तर अमक्याला माझा डेटा द्या असं सांगून ठेवता येतं. आईवडिलांच्या खात्यावर हे त्यांच्याशेजारी बसून करून द्या, त्यांना विषय अभद्र वाटला तर विम्याच्या नॉमिनीसारखंच आहे म्हणून सांगा. विम्याचे, बँकेचे, घराचे कागद डिजीलॉकरवर असले तरी त्यांची एक छापील यादी कपाटात असू द्या, कारण काय काय होतं हेच मागे राहिलेल्यांना माहीत नसतं.

हे सगळं करायचं कुणी? आमच्याकडे माणूस नाही.

एक माणूस नेमा, आणि त्याला वर्षातून एक दिवस द्या. संस्थांना आम्ही सांगतो की वार्षिक सभेच्या आदल्या रविवारी बसा: प्रत्येक वर्षाच्या फोल्डरमधली कुठलीही एक फाइल उघडून बघा, उघडली नाही तर लगेच शोध घ्या, हार्ड डिस्क पाच-सहा वर्षांची झाली असेल तर नवीन घ्या, पासवर्डचं पाकीट बदला, आणि काय केलं ते सभेत चार ओळीत वाचून दाखवा म्हणजे इतिवृत्तात येतं आणि पुढच्या कमिटीला टाळता येत नाही.

पेनड्राइव्हवर किती वर्ष राहतं?

कुणी छातीठोक आकडा सांगितला तर विश्वास ठेवू नका. पेनड्राइव्हमध्ये डेटा विजेच्या भारावर टिकतो आणि तो भार हळूहळू गळतो, स्वस्तातला असेल तर लवकर. नेण्या-आणण्यासाठी वापरा, जपायला हार्ड डिस्क.